लोणच्याची बरणी

“आजपासून या शाळेत स्त्रीशक्तीचं युग सुरू होत आहे!” संस्थेचे अध्यक्ष रामदास राणे यांनी भोईवाड्यातल्या शाळेच्या सभागृहात जाहीर केलं आणि नव्या मुख्याध्यापिकेच्या हातात नारळ ठेवला. ब्याण्णव वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बाई बसणार होती. टाळ्या ओसरल्यावर ते तिच्याकडे झुकले.

“सीमाबाई, पाहुण्यांच्या चहाचं तेवढं बघता?”

सीमा परबने बघितलं. बावीस वर्षं तीच बघत आली होती. युग बदललं म्हणून पाहुण्यांना चहा लागत नाही असं थोडंच आहे? नारळ काखेत धरून तिने कप भरले.

केबिन मोठी होती. भिंतीवर आधीचे अकरा मुख्याध्यापक ओळीने टांगलेले, सगळे मिशीवाले. मधल्या सुट्टीत सीमाने त्यांच्यासमोर डबा उघडला. भाजी खारट झाली होती. अकरा जणांपैकी कुणीच काही बोललं नाही.

स्टाफरूममध्ये बायकांचा एक नियम होता. सगळे डबे टेबलाच्या मधोमध उघडायचे आणि स्वतःच्या डब्यातलं स्वतः सगळ्यात शेवटी, उरलं तरच खायचं. वर सीमाच्या कपाटातल्या बरणीतलं लोणचं सगळ्यांना. सीमाच्या डब्यात कधी काही उरलं नव्हतं. त्यामुळे आपण भाजीत मीठ जास्त घालतो, हे तिला वयाच्या पन्नाशीत, पदोन्नतीनंतर कळलं.

भिंतीपलीकडून हसू ऐकू यायचं. कौसल्याचं हसू सगळ्यांच्या वर.

चौथ्या दिवशी सीमा डबा घेऊन उठलीच. स्टाफरूमच्या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं आणि हसू थांबलं. सगळ्याजणी उभ्या राहिल्या. नव्यानेच लागलेल्या श्रेयाने तर तोंडातला घास तसाच गिळला. खिडकीजवळच्या सीमाच्या खुर्चीवर कुणाच्या तरी पर्सा होत्या.

“अगं, बसा बसा.”

कुणी बसलं नाही. आधीच्या सरांसाठी ती स्वतःही अशीच उभी राहायची.

“काही काम होतं का, मॅडम?” कौसल्याने विचारलं. बावीस वर्षं ‘सीमे’ म्हणणारी कौसल्या.

सीमाने डबा पाठीमागे नेला.

“प्रगतिपुस्तकं कुठवर आली?”

“सोमवारपर्यंत होतील, मॅडम.”

“छान,” म्हणून ती परत आली. केबिनचं दार लावायच्या आत पलीकडे खुर्च्या सरकल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दारावर टकटक झाली. कौसल्या होती. हातात डब्याचं झाकण, त्यावर सुकटाची चटणी. सीमाने घाईघाईने फायली बाजूला सारल्या, टेबलाला वळसा घालून स्वतः खुर्ची ओढली.

“ये गं. बस.”

“नको, तिकडे सगळ्या खोळंबल्यात.” कौसल्याने झाकण टेबलावर ठेवलं. पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. “ते तुमचं स्टाफरूममधलं कपाट… आता श्रेयाला द्यायचं म्हणतोय. तिला सामान ठेवायला जागाच नाही. चावी मिळेल का?”

“हो, हो. मला काय करायचंय आता ते?”

केबिनच्या सात चाव्यांमध्ये ती आठवी, छोटीशी चावी होती. जुडग्याची कडी घट्ट होती. चावी निघेपर्यंत दोघीही कडीकडेच बघत राहिल्या.

चावी घेऊन कौसल्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

“आणि मॅडम, आतली ती तुमची लोणच्याची बरणी… ती तेवढी राहू द्या ना.”