दुर्गाबाईचा हात

दुर्गाबाई घराच्या पायासाठी खोदलेल्या चरीत उतरून, तळाला हाताचा तळवा टेकून बसली होती. वर उभी असलेली माणसं वाकून बघत होती.

"काय लागते, माय?" उत्तमरावांनी वरून विचारलं. लेकाच्या लग्नाआधी त्यांना घराला एक खोली वाढवायची होती.

"अजून वीतभर जाऊ द्या," दुर्गाबाई म्हणाली.

ग्यानबा गवंड्यानं कुदळ उचलली.

उंबरझिऱ्यात घर बांधणं म्हणजे डोक्याला ताप. टेकडीच्या पोटातला झिरा साऱ्या गावाच्या पायाखालून वाहत खालच्या कुंडात पडायचा. बहात्तरच्या दुष्काळात आसेगावच्या माणसांनीही इथूनच पाणी नेलं होतं. म्हणून नियम कडक. गावठाणात विहीर नाही, संडासाचा खड्डा नाही, आणि पाया खोदताना माती गार लागली की झिरा जवळ आला समजून थांबायचं. मंगरूळपीरहून आलेल्या साहेबांनी पंचायतीच्या भिंतीवर 'तीन फूट' असं रंगवून घेतलं होतं. पण कुठं गारवा दोन फुटांवर लागतो, कुठं पाच, साहेबांच्या टेपाला काय कळणार? ते दुर्गाबाईच्या तळव्याला कळायचं. आधी तिच्या सासूच्या, मग तीस वर्षं तिच्या. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. गावात तिला मान होता तो या एका हाताचा.

आणि तो हात दिवाळीपासून मेला होता. तव्याला बोटं चिकटली तेव्हा तिला कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगून तिच्यापाशी उरलं काय असतं? ती अंदाजानं बोलू लागली. दोन घरांना अंदाज जमला. हे तिसरं.

तीन दिवसांनी, भर दुपारी, गाव एकाएकी मुकं झालं. कुंडात पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला होता. असा काही आवाज आहे हे इतकी वर्षं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. गायी कुंडावर आल्या, वाकल्या, आणि उरल्या पाण्याला तोंड न लावता मागं सरल्या. उत्तमरावांच्या चरीचा तळ कोरडा ठणठणीत होता, पण त्याच्याखालून आवाज येत होता. कोणीतरी घटाघटा पाणी पीत होतं, थांबत होतं, पुन्हा पीत होतं. उत्तमरावांच्या बायकोनं, हौसाबाईनं, अंगणात जाणंच सोडलं.

संध्याकाळी पंचायतीपुढं गाव जमलं.

"मायनं सांगतलं त्याच्याहून जास्त खोदलं तुनं," उत्तमराव ग्यानबाला म्हणाले.

"नाई जी. वीतभर म्हने, वीतभरच गेलो."

"मंग पानी कुठी गेलं? मायचा हात खोटं बोलते काय?"

ग्यानबाला गावात पुन्हा काम द्यायचं नाही असं ठरलं. दुर्गाबाई मागे बसून होती. तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता. चरीतल्या आवाजापेक्षा तिला याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी ग्यानबाची बायको लिलाबाई भांडीकुंडी पोत्यात भरताना दिसली. किन्हीराजाला तिचं माहेर होतं. ते बघून दुर्गाबाई तडक उत्तमरावांच्या चरीपाशी गेली आणि खाली उतरली. बघता बघता लोक गोळा झाले. तिनं हात पाठीमागे घेतला आणि तळाच्या मातीला गाल लावून आडवी झाली. माती इतकी गार होती की तिचे दात वाजले. अगदी कानाखाली कोणीतरी गिळत होतं.

"माय, काय करून राह्यली हे?" हौसाबाई म्हणाली.

"हात मेला माहा," दुर्गाबाई उठून बसली. "दिवाळीपासून मले काईच लागत नाई. ग्यानबाची चूक नोहोय. माही हाय."

कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिनंच सांगितलं, काळी चिकणमाती आणा, थर टाका अन् चोपा. ग्यानबा चोपत गेला. दर थराला दुर्गाबाई गाल टेकून पाहत होती. चौथ्या थराला गारवा सरला.

पाणी परतलं, पण करंगळीएवढीच धार. उत्तमरावांची खोली उभी राहिली, लग्नही झालं. दुपारी तिथं जमिनीखालून अजून घोट ऐकू येतात. त्या खोलीत कोणी आडवं होत नाही.

पुढच्या वर्षी गावातल्या शेषरावांच्या घराचा पाया खोदायला घेतला. तळवा टेकायचा मान आता हौसाबाईच्या हाताला गेला. दुर्गाबाईला बोलावणं नव्हतं. ती आपल्या दारात बसून कुदळीचे घाव ऐकत होती. मधेच ते थांबले.

थोड्या वेळानं ग्यानबा आला. दोन्ही हातांत चरीच्या तळाचं मोठं ढेकूळ होतं. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"हौसामाय म्हन्ते, अजून वीतभर जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "तू पाह्य."

दुर्गाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि गाल पुढं केला.