मागचा आवाज

त्या दिवशी आईने संगणकाचा पुन्हा एकदा बट्ट्याबोळ केला होता. लेक आली होती तिकिटाची प्रिंट काढायला.

"आज नाही मिळणार," आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "जुनी सिस्टीम पुसून नवी टाकतेय. हिला अजून प्रिंटर ओळखता येत नाही."

"मग हिला येतं तरी काय?"

"हाक मारली की उठते. तुझ्यासारखं अंथरुणात लोळत नाही."

"गेल्या महिन्यातली बरी होती की," बाबा खुर्चीतून म्हणाले. "तिच्यात पत्ते होते."

"अहो, पत्त्यांपलीकडे काही सुचतं का तुम्हाला?"

आईने उभी हयात एक्स-रे काढण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर तिला हे खूळ लागलं. जगात मोजकी माणसं वापरतात अशा सिस्टीम हुडकायच्या, जुन्या यंत्रावर चढवायच्या, कंटाळा आला की पुसायच्या. त्याच्या जोडीला आवाजाचं खूळ. ध्वनिफीत दाबून दाबून किती लहान करता येते आणि तरी कानाला पत्ता लागत नाही, हे ती तासन्‌तास तपासत बसे. त्यासाठी तिचा नमुना ठरलेला होता. चार वर्षांची लेक बाहुलीला रागावते आहे, अशी एक जुनी कॅसेट होती. कॅसेटला केव्हाच बुरशी लागली. संगणकात उतरवून घेतलेली फाइल तेवढी उरली होती.

"ऐक," आईने लेकीच्या कानांवर हेडफोन चढवले. "पहिला की दुसरा?"

लेकीने मन लावून ऐकलं. दोन्हींत बाहुलीला दटावणारा तोच चिरका आवाज.

"खरं सांगू? काडीचा फरक नाही."

आई खुलली. "मग मूळ फाइल ठेवून काय तिचं लोणचं घालायचं?" म्हणाली आणि तिने कळ दाबली. जुन्या सिस्टीमवर, तिच्यातल्या त्या फाइलसकट, नवी चढू लागली.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या दुकानात पैसे देता देता ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. लेक पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढचं सगळं लेकीने नीट पार पाडलं. एक वाक्य तेवढं तोंडातून काढलं नाही. नातेवाइकांना तिने संदेश लिहून पाठवला, हॉस्पिटलात मान हलवली, बँकेत "खातं बंद करायचंय" एवढंच म्हणाली. घरात तर तिने ती वेळच येऊ दिली नाही. बाबांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण पाहिलेलं आत घेतलं नव्हतं. "कपाटाची किल्ली कुठे ठेवते ही? आली की विचार," ते म्हणायचे, आणि लेक "हं" म्हणायची. ते दोघांचा चहा टाकायचे. आईचा कप निवला की परत नवा. स्वतः मात्र धड जेवत नव्हते. ती आल्यावर बसू म्हणायचे. गालांची हाडं वर आली होती.

एकदा त्यांनी विचारलं, "तिच्या त्या डब्यात तिचा आवाज असेल ना गं? ऐकला असता."

लेकीने घर पालथं घातलं. फोटो हवे तितके होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. रेकॉर्डर नेहमी आईच्याच हातात असायचा. शेवटी तिने झेरॉक्सवाल्या काकांना बोलावलं. या खुळातला आईचा हा एकुलता एक जोडीदार.

काकांनी यंत्र चालू केलं. नवी सिस्टीम अर्धवट चढून ठप्प झाली होती. स्वतःची डिस्क लावून ते बराच वेळ खटपट करत राहिले.

"मूळ फाइल गेली, पोरी. तिच्याच जागेवर ही नवी सिस्टीम बसलीय. दाबलेल्या प्रती आहेत दुसऱ्या डिस्कवर, ढिगाने."

"त्यात मी आहे. आई कुठेय?"

"मागे. मूळ ऐकलंय ना मी. तू बाहुलीवर तोंड टाकतेस आणि मागून वहिनी हळूच काहीतरी बोलतात."

"काय?"

काकांनी डोकं खाजवलं. "मी मेल्याने लक्ष दिलं असतं तर! आम्ही तुझा आवाज तपासत होतो."

सगळ्यांत लहान प्रतीत एकटी पोर ओरडत होती. पुढच्या प्रतींतही तेच. सगळ्यांत मोठ्या प्रतीत मात्र पोरीच्या आरड्याखाली काहीतरी सळसळलं. लेक ताठ झाली.

"हुरळू नकोस," काका म्हणाले. "मोठ्या आवाजाच्या आडचा बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, म्हणून दाबताना आधी तो टाकतात. आणि तिथे भोक राहू नये म्हणून यंत्र वाजवताना पदरची खरखर भरतं. यातलं वहिनींचं किती आणि यंत्राचं किती, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

"आईला माहीत होतं हे?"

"माझ्यापेक्षा जास्त. पण स्वतःला ऐकावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार."

काका गेले. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. पोरीच्या आवाजाला ते हसले. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"तू बोलतेस ते कळलं. मागून ही काय म्हणते?"

तिने परत लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"माझे कान गेले आता," ते म्हणाले. "तुझे चांगले आहेत. तू ऐक आणि मला सांग."

तिने हेडफोन चढवले. खरखर बोलल्यासारखी वर चढत होती, खाली येत होती. तिच्यात काहीही बसलं असतं. 'पुरे गं, रडेल ती,' हे बसलं असतं. 'अहो, जेवून घ्या,' हेसुद्धा बसलं असतं. बाबा लगेच उठले असते, दोन घास पोटात गेले असते. आणि उद्या आईचा चहा टाकून पुन्हा इथेच येऊन बसले असते. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, थेट आईच्या सुरात.

"काय म्हणतेय?"

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काही म्हणत नाहीये, बाबा. खरखर आहे. यंत्राने भरलेली."

"नीट ऐक गं. नाहीतर राहू दे, ती आली की तिलाच..."

"ती येणार नाही." तिने त्यांचं मनगट धरलं. हाताला नुसती हाडं लागली. "बाबा, आई मेली."