कारणाचा रकाना

शर्मिलाने टेबलावरचा कोरा स्टॅम्प पेपर उचलला आणि राजनंदिनीच्या बाजूला सरकवून दिला.

"हा नको. मी शपथपत्र देणार नाही."

राजनंदिनी हिंजवडीच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआर सांभाळायची. वय चोवीस, आवाज गोड, आणि दिवसाला असे दहा कागद लोकांपुढे ठेवायची सवय.

"मॅम, फॉर्मॅलिटी आहे फक्त. जुन्या कंपनीत तुमचा पीएफ शर्मिला शुभंकर पानसे या नावाने आहे. इथे तुम्ही शर्मिला बाबुराव साळवे. नावं मॅच झाल्याशिवाय जुनं खातं इकडे ट्रान्सफर होत नाही. दोन्ही नावं माझीच, एवढंच लिहून द्यायचं. सगळ्या मॅरीड लेडीज देतात."

"दोन्ही माझी नाहीत. एकच आहे."

"पण लग्नानंतर..."

"लग्नानंतरही हेच आहे."

राजनंदिनीने स्टॅम्प पेपर ड्रॉवरमध्ये ठेवला. "मग जुन्या कंपनीकडून नाव दुरुस्तीचा अर्ज आणावा लागेल. त्यांच्या सहीचा. वेळ जाईल मॅम."

"जाऊ दे."

कोथरूडच्या त्या पंपांच्या कंपनीत शर्मिलाने नऊ वर्षं ड्रॉइंग्ज काढली होती. आधी ड्रॉइंग बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर, आणि त्या कॉम्प्युटरच्याच जोरावर ती आता हिंजवडीला पोचली होती. लग्न झालं ते तिसऱ्या वर्षी. पासबुक, मतदार यादी, नेमणुकीचं पत्र, सगळीकडे साळवे. पीएफची वर्षाची पावती तेवढी ऑफिसातच फायलीला लागायची, ती तिने कधी मागून पाहिली नव्हती. इथे भरलेला ट्रान्सफरचा फॉर्म परत आला तेव्हा पानसे या शब्दाभोवती कुणीतरी लाल गोल केलेला होता.

साळवे म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तो थांबला तर थांबू दे, तू थांबू नकोस, असं ते सांगायचे. शनिवार पेठेतल्या पानशांच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हाही तिने आडनाव स्पष्ट, सावकाश सांगितलं होतं.

घरी शुभंकरने सगळं ऐकून घेतलं. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा, शांत स्वभावाचा होता. वारज्याला त्यांनी एक फ्लॅट बघून ठेवला होता. जुनं खातं इकडे आलं की त्यावर उचल घ्यायची, असं ठरलं होतं, आणि बिल्डरने महिनाअखेरचीच तारीख दिली होती.

"एका ओळीसाठी घर जाईल, शर्मिला."

"ती ओळ खोटी आहे."

"खोटी म्हणजे अगदीच... एका अर्थाने तू पानसे आहेसच की."

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. "कुठल्या अर्थाने?"

शुभंकर टीव्हीचा रिमोट शोधायला उठला.

जुन्या कंपनीला सुट्टी गुरुवारची आणि हिंजवडीला शनिवार-रविवारची. तेव्हा शर्मिला शनिवारी दहा वाजता तिथे हजर झाली. रंगनाथ ताम्हणकर पीएफचं सगळं बघायचे, सहीचा अधिकारही त्यांच्याकडेच होता. निवृत्तीला चार महिने उरलेले, टेबलावर रजिस्टरं उंचीप्रमाणे लावलेली. तिला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. येण्याचं कारण ऐकल्यावरही तो फारसा ओसरला नाही.

"अहो, ते मीच केलं. तुमचं लग्न झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याकडून आहेर समजा."

"मला विचारलं नाहीत."

"यात विचारायचं काय, शर्मिलाबाई? चांगलं घर मिळालं होतं तुम्हाला. पुढे कुठे जाल तर आडनावाने त्रास व्हायला नको. तुमच्याच भल्याचं होतं."

"आडनावाचा मला त्रास नाही. ज्यांना होतो त्यांचं ते बघतील."

ताम्हणकरांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज कोरडा झाला. "दुरुस्तीच्या अर्जात बदलाचं कारण लिहावं लागतं. काय लिहू? ऑफिसची चूक? तीस वर्षांत माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही. त्यापेक्षा तुम्ही शपथपत्र द्या की. शंभर रुपयांत काम होतं."

"चूक तुमची आणि शपथ मी घ्यायची?"

ते हसले, पण अर्ज काही दिला नाही. शर्मिला समोरच्या बाकावर जाऊन बसली. जेवणाच्या सुट्टीत तिने तिथेच डबा उघडला. पाचला ऑफिस बंद झालं तेव्हा उठली आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते."

ती पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. भांडली नाही, आवाज चढवला नाही. नुसती बसून राहिली. ड्रॉइंगमधले जुने सहकारी येता-जाता विचारायचे, काय काम काढलंत? ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "माझं नाव न्यायला आलेय." ताम्हणकरांना ते ऐकू जायचं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शुभंकरही बरोबर आला. दुपारी बाराला बिल्डरकडे जायचं होतं. ताम्हणकरांशी आपण नीट बोललो तर काहीतरी तोडगा निघेल, असं त्याला वाटत होतं.

"या, पानसे." ताम्हणकर खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्हीच समजवा आता यांना."

शुभंकर काही बोलायच्या आत शर्मिलाने पर्समधून टाइप केलेला कागद काढला.

"हे पत्र सोमवारी पीएफच्या ऑफिसला देणार आहे. प्रत मालकांना. यात एकच प्रश्न आहे. सदस्याचं नाव बदलायला सदस्याचा अर्ज लागतो, माझा अर्ज कुठे आहे? तो दाखवा, मी आत्ता निघते. परत येणार नाही."

ताम्हणकरांनी पत्र वाचलं. उलटं करून पाठीमागेही पाहिलं, तिथे काही नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ बाराच्या पुढे सरकलं. शुभंकरने एकदा मनगटाकडे पाहिलं आणि मग बाही खाली ओढून घेतली.

शेवटी ताम्हणकरांनी ड्रॉवर उघडून दुरुस्तीचा छापील अर्ज काढला. नोंदीतलं नाव लिहिलं. खरं नाव लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं.

"सांगा. काय लिहू?"

"लिपिकाने न विचारता नाव बदलले."

"हे मी लिहिणार नाही." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "न विचारता म्हणू नका. मी विचारलं होतं. मांडवात, जेवणाच्या पंगतीत. यांना." त्यांनी पेनाने शुभंकरकडे दाखवलं. "म्हटलं, ऑफिसात नाव बदलून टाकतो. बदला की, म्हणाले. हसत म्हणाले."



शर्मिलाने शुभंकरकडे पाहिलं. नाव तुझंच राहू दे, असं लग्नाआधी त्यानेच म्हटलं होतं, तिने मागितलेलं नसताना. तो आता टेबलावरच्या रजिस्टरांकडे बघत होता.

"मला आठवतही नाही," तो म्हणाला. "पंगतीत कोण काय बोलतं... मी सहज म्हटलं असेन."

"म्हणजे म्हटलंस."



शर्मिलाने खुर्ची पुढे ओढली आणि ताम्हणकरांच्या समोर बसली. आवाजात फरक पडला नव्हता. फक्त एक एक शब्द सुटा होता.

"बरोबर आहे तुमचं. जे झालं तेच लिहू. लिहा. सदस्याच्या पतीस तोंडी विचारून नाव बदलले. सदस्यास विचारले नाही."

ताम्हणकर तिच्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. सही केली, शिक्का मारला, शाई वाळायला फुंकर घातली आणि कागद तिच्याकडे दिला.

तिने पूर्ण अर्ज वाचला. स्वतःची सही केली. खाली आणखी एक रेघ रिकामी होती. तिने कागद फिरवून शुभंकरसमोर ठेवला.

"साक्षीदार लागतो."

शुभंकरने कारणाचा रकाना वाचला. पुन्हा वाचला. ताम्हणकरांनी पुढे केलेलं पेन त्याने घेतलं, टोक कागदाला लावलं आणि थांबला.

"पूर्ण नाव लिहू?"

"पूर्ण," शर्मिला म्हणाली. "वाचता येईल असं."