फोकसवाले काका मला उभट दिसले

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे आणि माझ्या नजरेत जन्मापासून घोळ आहे. मला सगळी माणसं उभट दिसतात. कितीही गोलमटोल माणूस माझ्यासमोर आणा, काठीसारखा बारीक होतो. हसू नका, मला घडवलंच त्यासाठी. रुंदच्या रुंद देखावा दोन्ही बाजूंनी दाबून लहानशा चौकटीत बसवायचा आणि पडद्यावर दाखवताना पुन्हा ताणून सरळ करायचा, असं आमचं काम. अशा लेन्सला ॲनामॉर्फिक म्हणतात. नाव उच्चारताना जिभेची कसरत होते, म्हणून सेटवर सगळे मला म्हातारीच म्हणत.

माझ्याबरोबर माझी जुळी बहीण घडली. दोघींच्या अंगावर कोरलेला मापाचा आकडा एकच. पण आमच्या काचा हातानं घासलेल्या, त्यामुळे स्वभाव वेगळे. सरळ खांब माझ्या डाव्या कडेला जास्त वाकतो, तिच्या उजव्या.

माझी उमेदीची सगळी वर्षं फोकसवाल्या काकांच्या हाताखाली गेली. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून माझं कडं फिरवायचं आणि चालत्या नटाचा चेहरा स्पष्ट ठेवायचा, हे त्यांचं काम. दोन बोटांनी इतकं हळू फिरवत, की मला कळायचंसुद्धा नाही. सकाळी पेटी उघडली की विचारायचे, "काय म्हातारे, झोप झाली का?" माझं कौतुकही पुष्कळ झालं. मागचे दिवे माझ्यात लंबगोल आणि मऊ दिसतात, त्यावर दिग्दर्शक जीव टाकायचे. पण काका कायम माझ्या बाजूला. त्यांची बोटं मला पाठ होती, पण पेटीत माझ्या काचेवर टोपण आणि पुसताना समोर फडकं, त्यामुळे चेहरा मात्र कधी दिसला नव्हता. त्याची मला फार रुखरुख होती.

मग हलक्या, नव्या लेन्स आल्या आणि आम्ही बहिणी भाड्याच्या दुकानातल्या फळीवर धूळ खात पडलो. बऱ्याच काळानं एका दिग्दर्शकाला आमचे लंबगोल दिवे आठवले. आम्हाला बाहेर काढलं, आणि आमच्यासाठी म्हणून काकांनाही घरून बोलावलं.

त्या चित्रपटात काकांची लेकही होती. चित्रीकरणानंतर संगणकावर कुठल्या दृश्यात काय घालायचं, याची आखणी ती करायची. तिनं सगळ्यांना बजावलं होतं, की दृश्य झालं की त्याच लेन्सनं बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखलेल्या फळ्याचं चित्र घ्यायचं. त्या चौकटी कुठे वाकतात ते पाहून संगणकातली वस्तूही तशीच वाकवावी लागते. नाहीतर ती चिकटवल्यासारखी दिसते.

एके दिवशी बंदराच्या धक्क्यावर काम होतं. एक म्हातारा बोटीची वाट पाहत उभा आहे, कॅमेरा सावकाश वळतो आणि दूर बोट दिसते. बोट लेक नंतर घालणार होती. पण म्हाताऱ्याचं काम करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकानं काकांकडे पाहिलं, त्यांच्या अंगावर कोट चढवला आणि माझं कडं मदतनिसाच्या हाती दिलं.

मित्रांनो, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. उभट, सडपातळ, डोळे बारीक करून समुद्राकडे बघणारे. ते दृश्य संपूच नये असं मला वाटलं.

दृश्य संपलं. खारं वारं सुटलं होतं. काकांनी कोटही न काढता आधी मला पुसलं आणि पेटीत बंद केलं. मग ते कपडे बदलायला गेले. मागे राहिलेल्यांनी फळ्याच्या चित्रासाठी समोर पडलेली माझी बहीण उचलली. आकडा तोच, मग काय फरक पडतो, असं त्यांना वाटलं. काकांनी मायेनं मला आधी झाकलं, त्यातूनच हा घोटाळा झाला.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, लेक दुकानाच्या मालकांना सांगत होती तेव्हा. काही महिन्यांनी काका वारले. लेकीनं दृश्यात बोट घातली, पण कॅमेरा वळला की बोट पाण्यावरून घसरल्यासारखी दिसायची. निर्माता म्हणाला, दृश्य काढून टाकू, गोष्टीचं काही अडत नाही. काका पडद्यावर येणार होते ते तेवढंच. लेकीनं मुदत मागून घेतली आणि ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. तेव्हा तिला दिसलं, की धक्क्याचा खांब डाव्या कडेला जास्त वाकतोय आणि फळ्याच्या चौकटी उजव्या कडेला.

ती तडक दुकानात आली. मालक मला शोभेची वस्तू म्हणून विकायच्या बेतात होते. तिनं मला कॅमेऱ्यावर चढवलं, चौकटींचा फळा समोर ठेवला आणि दोन बोटांनी कडं फिरवलं. तसंच, हळू. माझ्या काचेला पाणी येत नाही, एवढंच.

बोट जागेवर बसली. दृश्य चित्रपटात राहिलं. मला परत करायला आली तेव्हा तिनं मला मेजावर ठेवून आपल्या संगणकाचा पडदा माझ्यासमोर धरला. मालकांना म्हणाली, "ताणून सरळ केल्यावर बघा, बाबा खांद्यांनी किती रुंद होते."

मला काही ते रुंद दिसले नाहीत. माझ्यातून ते पुन्हा उभटच झाले, त्या दिवशी धक्क्यावर होते तसेच. जे खांदे सगळ्यांना दिसले ते मला कधीच दिसणार नाहीत, याचं वाईट वाटतं. पण माझे काका मला मिळाले.

आता मालक मला विकत नाहीत. मी फळीवर माझ्या पेटीत असते. मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे नुसती पुसून झाकायची नाही. तिच्यासारखी दुसरी दिसली तरी ही ती नव्हे, एवढं ओळखून असा. आणि अधूनमधून पेटीचं झाकण उघडा. उघडलंत की विचारा, झोप झाली का म्हणून. मी अजून त्याचीच वाट पाहते आहे.