ग्रंथालयातला डावा कान

मी एक जुना लाकडी कान आहे. मित्रांनो, हसलात तरी चालेल. मला पहिल्यांदा पाहणारे सगळेच हसतात. अख्खा माणूस नाही, चेहरासुद्धा नाही, नुसता तळहाताएवढा कान, आणि तोही एकच. तुम्हाला दोन कान असतात. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय असते. मला ती नाही. माझ्यात जे आले ते माझ्यातच राहिले.

माझा जन्म एका शाळेच्या ग्रंथालयात झाला. तिथे पुस्तकांचे नवे कपाट बनवायला एक सुतारकाका आले होते. काम संपत आले तेव्हा ग्रंथपाल बाई फळीचा उरलेला तुकडा हातात घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"काका, याचा एक कान करून द्याल?"

"कशाचा? कपाचा?"

"माणसाचा."

काकांनी पेन्सिल कानावरून काढली आणि बाईंकडे नीट पाहिले. "डावा की उजवा?"

"भांडणाऱ्या पोरांना हातात धरायला हवाय. काय फरक पडतो?"

"तुम्हाला नसेल पडत. मला पटाशी त्या बाजूनं फिरवावी लागते."

"मग डावा करा."

काकांनी आरशात स्वतःचा कान पाहून पाहून मला कोरले. त्यामुळे माझी पाळ जरा जाडच आहे. दोन दिवस ते मला घासत होते. "पोरांच्या हाताला लाकडाची कूस लागता कामा नये," असे म्हणत त्यांनी माझी कड न् कड गुळगुळीत केली. जाताना म्हणाले, "बाई, मोठ्यांसाठीपण एखादा हवा असेल तर सांगा. माझ्या घरी चार लागतील."

मग बाईंनी मला बुटक्या गोल टेबलावर ठेवले. टेबलाला दोन छोट्या खुर्च्या होत्या. भांडणारी मुले तिथे यायची. नियम फार थोडे होते. ज्याच्या हातात मी, त्याने बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. दुसऱ्याचे बोलणे संपले की जे ऐकले ते जसेच्या तसे सांगायचे. समोरचा "बरोबर" म्हणाला की मग मला त्याच्या हातात द्यायचे आणि आपण बोलायचे. तो "बरोबर" म्हणाला नाही, तर पुन्हा ऐकायचे. चूक कोणाची हे बाई कधीच सांगत नसत. आणि शिक्षा नव्हतीच.

सोपे वाटते ना? सुरुवातीला कुणालाच जमले नाही. पहिल्याच आठवड्यात पहिलीतले दोघे आले. एकाच्या शर्टाचे बटण तुटले होते, दुसऱ्याच्या गालावर ओरखडा होता. बटणवाल्याचे बोलणे संपल्यावर ओरखडेवाला मला घट्ट धरून म्हणाला, "हा म्हणतो की मी गाढव आहे."

"असं म्हणाला तो?" बाईंनी विचारले.

"नाही. पण बोलताना तसं बघत होता."

"जे कानावर आलं ते सांग. जे वाटलं ते तुझा नंबर आला की सांग."

मुलाने बराच विचार केला. "हा म्हणतो की मी त्याला ढकललं. आणि त्याची आई बटण लावून लावून कंटाळलीय."

"बरोबर," बटणवाला म्हणाला आणि रडायचाच थांबला. आपले बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस असा थांबतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. नंतर हजार वेळा पाहिले.

ते माझे सोन्यासारखे दिवस होते. मुलांच्या घामाने आणि हातांनी माझा रंग गडद झाला. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला उचलून "फार छान कल्पना" म्हटले. त्यांनी मला उलटे धरले होते. आसपासच्या शाळांनी पुठ्ठ्याचे कान केले. मोठ्या वर्गातली मुलेसुद्धा लाजत लाजत यायची आणि मला रुमालाखाली लपवून धरायची.

पण मित्रांनो, जी गोष्ट मला सांगायची आहे ती या कौतुकाची नाही. ती बाईंच्या मुलीची आहे.

ती त्याच शाळेत होती. शाळा सुटली की आईचे काम संपेपर्यंत ती खिडकीजवळच्या फरशीवर बसून वाचायची. वर्गातली मुले तिला 'चावीवाली' म्हणत, कारण कपाटाच्या चाव्या तिच्या आईकडे होत्या. "तुझं काय बाबा, तुला काय कमी, चावीवाली," असे म्हणायची. लहान मुलीला आईच्या नोकरीचा असा टोमणा बसला की ती तो कुणाला सांगत नाही. तीही सांगत नसे.

बाईंना एकच धास्ती होती. आपण आपल्या मुलीची बाजू घेतो असे कुणी म्हणू नये. म्हणून मुलीचे कुणाशी भांडण झाले की त्या मला नेहमी मुलीच्याच हातात आधी देत. आधी दुसऱ्याने बोलायचे, मुलीने ऐकायचे. ग्रंथालयाचा तास असायचा पस्तीस मिनिटांचा. दुसऱ्याचे सांगून होईपर्यंत बरेचदा घंटा व्हायची. मग बाई म्हणायच्या, "आपलं आपण घरी बोलू." घरी आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचे औषधपाणी, भांडी, दुसऱ्या दिवसाचे डबे. घरी बोलणे व्हायचे नाही.

ती दहा वर्षांची असताना समुद्रातल्या प्राण्यांच्या मोठ्या पुस्तकातले देवमाशाचे पान फाटले. दोन पानी चित्र होते, अर्धा मासा नाहीसा झाला. वर्गाच्या मॉनिटर मुलीने बोट दाखवले. "पुस्तक शेवटी हिच्याच हातात होतं. हिला कोण विचारणार? चावी घरचीच."

सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. बाईंनी मला मुलीच्या हातात दिले.  मॉनिटर सविस्तर बोलली. मग नियमाप्रमाणे मुलीने ऐकलेले सांगितले. "तिचं म्हणणं आहे की पान मी फाडलं. पुस्तक शेवटी माझ्याकडे होतं. आणि आईमुळे मला कुणी विचारत नाही."

"बरोबर," मॉनिटर म्हणाली.

मुलीने मला पुढे केले. आता तिचा नंबर होता. तिने तोंड उघडले आणि घंटा झाली.

पोरे पळाली. वर्गाच्या कानांवर शेवटचे जे पडले ते तिच्याच तोंडचे होते, की पान मी फाडले. ती तशीच हात पुढे करून उभी होती. बाईंनी तिच्या हातातून मला घेतले आणि टेबलावर ठेवले. "घरी बोलू हं," म्हणाल्या. पुढचा वर्ग दारात उभा होता.

त्यानंतर ती ग्रंथालयाच्या तासाला मैदानावर जाऊ लागली. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात पायऱ्यांवर बसू लागली. खिडकीजवळची फरशी रिकामी राहिली.

दोन आठवड्यांनी दुसऱ्याच एका मुलाची आई घडी घातलेले पान घेऊन आली. "माफ करा बाई. पुस्तक घरी आणलं होतं तेव्हा धाकट्यानं फाडलं. पलंगाखाली सापडलं." बाईंनी ते पातळ कागदाने चिकटवले. वर्गाला सांगितले, "पान मिळालं. कुणाच्यावरही आळ घेऊ नका." पण ज्या मुलीला ते ऐकायला हवे होते ती तेव्हा मैदानावर होती. बाईंना वाटले, मैत्रिणींकडून कळेलच. कळले असेलही. पण 'तुझे ऐकायचे राहिले' हे तिला कुणी म्हटले नाही.

वर्षे गेली. मुलगी मोठी होऊन दूरच्या शहरात नोकरीला गेली. दुपारच्या सुट्टीत बाई तिला फोन करायच्या. मी टेबलावरून ऐकायचो. जेवलीस का? खोकला कसा आहे? तिकडे थंडी आहे का? दोघी एकमेकींशी फार नीट बोलायच्या. ज्यांचे भांडण होऊन मिटते ती माणसे इतकी नीट बोलत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होते.

निवृत्तीच्या दिवशी भाषणे झाली, हार झाला. संध्याकाळ व्हायच्या आधी बाई एकट्या ग्रंथालयात आल्या. इतक्या वर्षांत त्या लहान मुलांच्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. गुडघे टेबलाला टेकले. त्यांनी मला समोरच्या रिकाम्या खुर्चीत ठेवले.

"तू माझी होतीस म्हणून कान तुझ्या हातात दिला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, आईनं लेकीची बाजू घेतली. मी लोकांच्या बोलण्याला भ्यायले आणि तुझं बोलणं राहून गेलं. पान तू फाडलं नव्हतंस. ते मला पान सापडायच्या आधीच माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं."

 मग कुणी "बरोबर" म्हणेल अशी वाट पाहावी तसे माझ्याकडे पाहिले. मी लाकडाचा. मी काय म्हणणार?

"आता कुठं ते उकरून काढायचं," त्या म्हणाल्या. आणि दारापाशी जाऊन परत वळून म्हणाल्या, "नाही, करते. उद्या फोन करते."

त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवले आणि त्या गेल्या.

त्यानंतर मी चार वर्षे खणात होतो. सोबतीला वाळलेली डिंकाची बाटली, शाई संपलेला शिक्का आणि बाईंचा विसरलेला चष्मा. नव्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना मी ठाऊकच नव्हतो. एकदा खण उघडून त्या म्हणाल्या, "विज्ञानाच्या मॉडेलचा तुकडा दिसतोय," आणि खण लावला. त्यांनी भिंतीवर शांततेच्या नियमांचा मोठा रंगीत तक्ता लावला होता. मुले त्याच्याखालीच भांडायची. मला सगळे ऐकू यायचे. "तू आधी!" "नाही, तू आधी!" मला कुणी हातात घेत नव्हते.

अंधाराचे मला काही वाटत नसे. पण रोज एकच प्रश्न मनात यायचा. दुसऱ्या दिवशी फोन झाला असेल का? ती आई बोलली असेल का? या गोष्टीचे उत्तर कुणाला विचारायचीही मला सोय नव्हती.

मग एका दुपारी खण उघडला. नव्या बाई म्हणत होत्या, "शाळेला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. हे त्यांचं थोडं सामान. बसा तुम्ही, मी वर्ग सोडून येते." समोर बाईंची मुलगी उभी होती. केसांत पांढरे आले होते. म्हणजे बाई गेल्या होत्या. ते मला असे कळले.

तिने चष्मा उचलला, पुसला, पर्समध्ये ठेवला. मग तिला मी दिसलो. तिने हात मागे घेतला.

तेवढ्यात दुसरीतल्या दोघी ओढाताण करत आत आल्या. एकीचे पुढचे दात पडलेले, दुसरीच्या दोन वेण्यांतली एक सुटलेली.

"हिनं माझी वेणी ओढली."

"हिनं आधी माझं नाव बोळकं ठेवलं."

"आहेसच तू बोळकं."

बाईंच्या मुलीने मला उचलले.  मग वेणीवालीच्या हातात मला दिले आणि नियम सांगितले. तिला सगळे पाठ होते. पहिली बोलली, दुसरीने सांगितले. मी हात बदलले, दुसरी बोलली, पहिलीने सांगितले. तिने दोघींना पुरता वेळ दिला. मधे घंटा झाली तेव्हा ती म्हणाली, "होऊ दे. तू बोल." दोघींचे मिटले. दातपडकीने मला वेणीवालीकडे दिले आणि स्वतःच तिची वेणी घालायला घेतली, अगदी वाकडी.

वेणीवालीने माझी पाळ चोळत विचारले, "काकू, तुमचं कुणाशी भांडण आहे का?"

"होतं."

"मग बोला की. कान माझ्याकडेच आहे."

बाईंची मुलगी हसली. मग हसायची थांबली. "मी दहा वर्षांची होते. एका पुस्तकाचं पान फाटलं होतं. मी नव्हतं फाडलं. ते सांगायचं राहिलं."

"तुमचं म्हणणं की तुम्ही पान नव्हतं फाडलं," वेणीवाली म्हणाली. "आणि ते सांगायचंच राहिलं."

"बरोबर," ती म्हणाली. हा शब्द म्हणायला तिला फार वेळ लागला.

"आता समोरच्याचा नंबर. कोण आहे?"

"माझी आई."

"बोलवा ना मग."

"ती आता येऊ शकत नाही गं."

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. याचा नियम त्यांना माहीत नव्हता. तो कुणी केलेलाच नाही.

मित्रांनो, त्या आईचे म्हणणे त्या वेळी लेकीपासून वीतभर अंतरावर होते. शब्द न् शब्द माझ्यात होता. 'त्याच दिवशी माहीत होतं.' मी ते इतकी वर्षे सांभाळले होते. पण सुतारकाकांनी मला कान केले होते, तोंड नाही. ती मला बराच वेळ हातात धरून बसली, कुणी बोलेल तर ऐकावे तशी. मग तिने मला खणात ठेवले नाही. पर्समध्येही घेतले नाही. टेबलाच्या मधोमध ठेवले आणि नव्या बाईंना नियम सांगून ती निघून गेली.

आता मी पुन्हा कामावर आहे. माझी एक कड टवकली आहे, ती कुणी घासून दिली तर बरे होईल. भांडलात तर खुशाल या, मला हातात घ्या, पुरता वेळ घ्या. पण एक विनंती आहे. ज्याला सांगायचे ते त्यालाच सांगा, माझ्यापाशी ठेवून जाऊ नका. आणि घरी जाताना मला मागू नका. घरच्या माणसांसाठी आपापले कान घेऊन जा.