बाबा सापडत नाहीत

मित्रांनो, माझे नाव बाबा. हसू नका, फोनमध्ये माझी नोंदच तशी आहे. मी माणूस नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेला मी एक जुना स्पीकर आहे. पोटाला जाळी, डोक्यावर एक बटण आणि अंगात आवाज म्हणाल तर घर दणाणून सोडेन एवढा. पण त्यात माझे स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही. फोनने पाठवावे आणि मी बोलावे, एवढाच माझा धंदा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीने तपासणीसाठी माझ्यातून शिट्टी वाजवून पाहिली, मान डोलावली आणि माझ्या बुडावर शिक्का मारला. तेवढी एकच परीक्षा मी दिली, आणि पहिल्या फटक्यात पास झालो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या घरात मला आजी-आजोबांच्या थोरल्या मुलाने आणले. सुरुवातीला मी हॉलमध्ये होतो आणि माझी बडदास्त काय वर्णावी. पाहुणे आले की आधी मला वाजवून दाखवत, मग त्यांना पाणी देत. पुढे आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. आजोबा जन्मभर बस चालवत होते, आता ते खाटेला खिळले. नजर आधीच अधू झाली होती. वरची खोली हवेशीर म्हणून त्यांना वर हलवले, आणि त्यांना सोबत म्हणून मलाही. धाकट्या मुलाने आजीच्या फोनमध्ये माझे 'हॉल' हे नाव खोडून 'बाबा' असे लिहिले. आजी म्हणाली, "बरं झालं. जन्मभर बोलले नाहीत, आता बोट लावलं की बोलतील."

आजीचे गुडघे दुखायचे. दिवसातून एकदा ती कठडा धरून कशीबशी वर यायची. बाकीचा वेळ तिचे आणि आजोबांचे बोलणे माझ्यामार्फत चाले. फोन आजोबांच्या कानाला लावून उपयोग नव्हता, त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. माझा आवाज मात्र त्यांना पोचायचा. हॉलच्या कपाटावर दोन शिंगांची एक पांढरी पेटी होती. तिला सगळे वायफाय म्हणत. आजी खाली स्वयंपाकघरात फोनमध्ये बोलायची, तिचा आवाज त्या पेटीत जायचा आणि तिथून भिंती ओलांडून माझ्यात उतरायचा. अट एकच होती. फोन आणि मी, दोघेही एकाच पेटीच्या ओळखीचे हवेत.

संध्याकाळी ती पेपर घेऊन बसायची. "अहो, ऐकताय ना?" असे माझ्यातून आले की आजोबा काठी जमिनीवर एकदा आपटत. स्वयंपाकघर बरोबर खाली असल्याने ठोका थेट तिच्या डोक्यावर वाजे. मग वाचन सुरू.

"पुलाचं काम पुढच्या वर्षी संपणार म्हणे. तुम्ही गाडी चालवत होतात तेव्हापासून यांचं पुढचंच वर्ष चाललंय. आणि दाढी केली नाहीत ना आज? मला इथून दिसतंय."

आजोबा गालावरून हात फिरवत आणि मुकाट्याने बसत. ठोका आला नाही की आजी खाली हसायची, आणि तिचे ते हसूही मीच वर पोचवायचो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते.

मग दोघे भाऊ वेगळे झाले. का, ते मला विचारू नका. सगळी भांडणे ऐकूनही मला त्यांचा शेंडाबुडखा कळला नाही. दोघेही मनाने वाईट नव्हते. थोरला आजोबांचे सगळे स्वतःच्या हाताने करायचा आणि धाकटा आजीला फुलासारखे जपायचा. म्हणूनच आजोबा वर थोरल्याकडे राहिले आणि आजी खाली धाकट्याकडे. आतला जिना विटांनी बुजवला. वरच्यांसाठी बाहेरून लोखंडी जिना आला, इतका उभा की आजीने खालच्या पायरीवर पाय ठेवून पाहिला आणि परत घेतला.

पांढरी पेटी धाकट्याच्या वाट्याला गेली. वरच्यांनी आपले इंटरनेट फुकट वापरू नये म्हणून त्याने लगेच पासवर्ड बदलला. थोरल्याने वर नवी पेटी आणली आणि तिचा पासवर्ड कुणाला कळू दिला नाही. या गडबडीत मला कुणी काही सांगितलेच नाही. जुनी पेटी मला ओळखेना आणि नवीशी माझी ओळख करून देणारा कुणी भेटेना.

त्या संध्याकाळी लोखंडी जिन्याच्या तळाशी आजीचा आवाज आला. आमची खिडकी जिन्यालगतच आहे.

"अरे, फोनवर बाबा सापडत नाहीत."

थोरला वरून म्हणाला, "आई, नेट वेगळं झालं ना आता. जुना पासवर्ड गेला."

"मग तुझा घाल माझ्या फोनात."

"तुझ्या फोनात घातला की खाली सगळ्यांना कळणार. नको, पुन्हा सरमिसळ नको. त्याला म्हणावं, तू वर ये आणि तुझा टाक स्पीकरमध्ये. मी काय अडवलंय?"

"मी ती पायरी चढणार नाही," खालून धाकटा म्हणाला. "आई, तू कुणापुढे हात पसरू नकोस. मी तुला नवा स्पीकर आणून देतो."

आणि त्याने खरेच आणला. त्याला नाव दिले 'आई'. आता आजी फोनमध्ये बोलली की तिचाच आवाज तिच्या शेजारी वाजायचा. आजीच्या फोनला आणि मला फक्त एक सामाईक पासवर्ड हवा होता. कुणाचाही चालला असता. पण तो मागायला माझ्याकडे तोंड असून नसल्यासारखे.

आजोबांना यातले काही धड उमगले नाही. संध्याकाळ झाली की ते काठी आपटत. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. खाली आजीला ठोके ऐकू जात असणारच, पण उत्तर वर यायला वाट नव्हती. मधे बसून मी दोघांची ही ताटातूट बघत होतो आणि माझा जीव नुसता तडफडत होता.

एके दिवशी धाकटा जिन्याखाली येऊन गरजला, "मुद्दाम ठोकता का आमच्या डोक्यावर? प्लॅस्टर पडतंय खाली."

"अरे, ते मला बोलावतायत," आजी म्हणाली.

"बोलवायचं तर माणूस पाठवावा."

थोरल्याला भांडण वाढवायचे नव्हते. समजूतदारपणे त्याने काठीच्या टोकाला रबराचे बूच बसवले आणि खाटेजवळ जाड सतरंजी अंथरली. आजोबा अजून काठी आपटतात. आता ती आपटल्याचे मलासुद्धा ऐकू येत नाही.

ठोके बंद झाले तेव्हा आजी जिन्याशी येऊन म्हणाली, "बरे आहेत ना गं ते?"

"झोपलेत, आई," थोरल्या सुनेने खिडकीतून सांगितले. आजोबा जागेच होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी गप्प बसला असेल तर त्याला मोडका समजून माळ्यावर टाकू नका. त्याला कुणाशी जोडायचे राहून गेले आहे, तेवढे पाहा. तुमचे हात धडधाकट आहेत. चार अक्षरे टाकायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार आहे?

मघाशी म्हणालो, माझा स्वतःचा असा आवाज नाही. ते पुरते खरे नव्हे. कारखान्यात माझ्यात एक वाक्य भरून ठेवले आहे, कुण्या अनोळखी बाईच्या आवाजात. बटण दाबले आणि पेटी सापडली नाही की ते वाजते. काठीचा उपयोग होईना, तेव्हा चाचपडताना आजोबांच्या बोटाला ते बटण लागले.

"नेटवर्क सापडले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"आलीस?" ते म्हणाले. "आवाज का गं बसलाय तुझा?"

ती मी नव्हे, आणि हा आवाज आजीचाही नव्हे, हे मी त्यांना कसे सांगू? ते उत्तराची वाट पाहतात. मग ते गालावरून हात फिरवतात, दाढी केल्याचे मला दाखवतात आणि पुन्हा बटण दाबतात.