हिऱ्याच्या खांद्याची हळद

शिंगं रंगवावीत तर रंगरावांनी, असं सगळं गाव म्हणे, आणि गावाच्या आधी रंगराव स्वतः म्हणत. पोळ्याला अर्ध्या गावाचे बैल त्यांच्या दारात येऊन उभे राहत. यंदा मात्र त्यांच्याच दारात बैल नव्हता. म्हातारा हिऱ्या उन्हाळ्यात गेला आणि गोठ्यात ट्रॅक्टर येऊन बसला. ट्रॅक्टरला ना शिंगं, ना भूक. तेव्हा यंदा पुरण घालायचं नाही, असं त्यांनी जिजाबाईंना बजावून ठेवलं. ज्याला खाऊ घालायचं तोच नाही, तर पोळा कसला?

बापाचं हे घुमेपण अकोल्याच्या लेकीला, राधिकाला, फोनवरही जाणवलं. तिनं मोठ्या माणसांनी रंगवायचं चित्रांचं पुस्तक धाडलं. मन रमतं म्हणे त्यात. रंगरावांनी ते पोरखेळ म्हणून बाजूला टाकलं, आणि बायको वाड्यामागं भाजी तोडायला गेल्यावर हळूच उघडलं. एका पानावर मोर होता आणि त्याच पानाच्या पाठीवर बैल. वशिंड तेच, मानेचा तोराही तोच. हा हिऱ्याच, आणि पोळ्याआधी तो सजलाच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

रंग घ्यायला ते रिसोडला गेले. तिथं वह्या-पुस्तकांच्या दुकानात पिंकी नावाची पोरगी होती. तिनं बारा लाकडी रंगपेन्सिली, एक शार्पनर आणि पांढरा खोडरबर पुढं ठेवला. नवख्याला एवढं पुष्कळ, म्हणाली. ओला रंग मागच्या पानावर उतरतो, तो घेऊ नका, आणि पेन्सिल हलक्या हातानं फिरवा, थरावर थर. रंगरावांनी पेन्सिल बाजारातल्या वांग्यासारखी दाबून पाहिली, वास घेतला, नखानं टोकरली.

"बाई, जलमभर शिंगं रंगवली म्या," ते म्हणाले, "अन् तू मले नवखा म्हन्ते?"

शिंगं कागदाची होती का काका, असं पिंकीनं हसत विचारलं. मग पेन्सिली घ्याव्याच लागल्या. पण पडलो तरी नाक वर! शेजारच्या दुकानातून त्यांनी शिंगांचा निळा ऑइलपेंटही घेतलाच.

घरी येऊन त्यांनी आधी मोरावर हात बसवायचं ठरवलं. हिऱ्यावर प्रयोग नको. निळ्या पेंटानं मोराचा गळा असा चकाकला, की त्यांनी जिजाबाईंना मुद्दाम हाक मारून दाखवला आणि दुकानातली पोरगी आपल्याला नवखा म्हणाली, हेही ऐकवलं. जिजाबाईंनी कौतुकानं पान उलटलं. पेंटातलं तेल आरपार उतरलं होतं, आणि बैलाच्या खांद्यावर तळहाताएवढा पिवळट, तेलकट डाग पडला होता.

"तुमी तं नवखे नाही ना?" जिजाबाईंनी विचारलं.

रंगरावांनी खोडरबर घासून पाहिला. डाग काही हलला नाही. एवढा नावाजलेला हात, आणि घसरला तो आपल्याच बैलावर. त्यांना खरंच रडू आलं. डोळे लपवत, न जेवताच ते झोपले आणि पुस्तक फळीवर गेलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे मळणं सुरू झालं. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना त्या दिवशी तूप-हळद चोळतात. रंगराव दाराकडं पाठ करून बसले होते. जिजाबाईंनी फळीवरून पुस्तक काढलं आणि बैलाचं पान त्यांच्यापुढं उघडून धरलं.

"पाहा बरं. तूप तुमी आधीच लावून ठेवलं," त्या म्हणाल्या. "हळद तेवढी राह्यली."

रंगरावांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पिवळी पेन्सिल काढली. पहिल्याच दाबाला टोक मोडलं. हिऱ्याचा खांदा असा रगडत होता काय, असं जिजाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी टोक करून घेतलं आणि हात हलका केला. थरावर थर बसत गेला. पोरगी खरं बोलली होती, हे त्यांनी कबूल केलं, अर्थात मनातल्या मनात.

खांदा पिवळाधमक झाला तेव्हा जिजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि कागदावरच्या बैलाला हात जोडले. दरवर्षी याच वेळी गोठ्यात म्हणत, तेच त्या आता म्हणाल्या.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रंगरावांच्या डोळ्यांतलं पाणी या वेळी लपलं नाही.

"मंग पुरन घालजो," ते म्हणाले.

डाळ सकाळीच निवडून ठेवली आहे, असं सांगून जिजाबाई चुलीकडं वळल्या.